कारखान्यातला डिजिटल संवाद: सातपूर-अंबडमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकजवळच्या सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे, दिंडोरी या पट्ट्यातल्या कारखान्यांत अंतर्गत संवादाचं काम करताना मालक, एचआरवाले आणि सुपरवायझर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. साधारण पन्नास ते पाचशे माणसांचा कारखाना डोळ्यांपुढे ठेवून उत्तरं लिहिली आहेत. आयटी कंपन्यांना यातलं निम्मं लागू पडणार नाही. त्यांचा माणूस दिवसभर लॅपटॉपसमोर असतो, आपला संगणकाने चालणाऱ्या सीएनसी मशीनसमोर.

आमच्याकडे व्हॉट्सॲपचा ग्रुप आहेच. अजून काय हवं?

ग्रुप आहे म्हणजे तुमचं म्हणणं पाठवायची सोय झाली. ते पुरतं का, हे बघायचं असेल तर उद्या जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये बसा आणि वेगवेगळ्या लाईनच्या तिघा-चौघांना दोन गोष्टी विचारा. मागच्या आठवड्यात कंपनीने काय कळवलं? आणि तुम्हाला कंपनीला काही सांगायचं असेल तर कुठे सांगता? पहिल्याचं उत्तर अर्धंमुर्धं का होईना, मिळतं. दुसऱ्यावर माणूस आधी शेजारच्याकडे बघतो, मग म्हणतो, ‘सुपरवायझरला सांगतो, पुढचं काय होतं ते माहीत नाही.’ खालून वर जाणारा निरोप आणि त्याला मिळणारं उत्तर, इथेच बहुतेक ठिकाणी घोडं अडतं. ॲप बदलून ते पुढे सरकत नाही.

ग्रुप किती असावेत?

जितके कमी तितकं बरं, पण एकच ग्रुपही नको. अधिकृत सूचनांचा एक, ज्यात फक्त ॲडमिन लिहू शकतात. प्रत्येक लाईनचा किंवा खात्याचा एक, ज्यात सगळे बोलू शकतात. कंपनीच्या बस असतील तर प्रत्येक रूटचा एक. नाशिकरोडची बस उशिरा येणार असेल तर ते पाथर्डी फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाला कळवायचं काही कारण नाही.

शिफ्टवार ग्रुप मात्र करू नका. सुचायला ते सगळ्यात आधी सुचतं, पण पाळी दर आठवड्याला फिरते. आज फर्स्टला असलेला माणूस पुढच्या सोमवारी नाइटला जातो आणि ग्रुप तसाच राहतो. दोन महिन्यांत कोण कुठल्या ग्रुपमध्ये आहे ते हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसलाही सांगता येत नाही. लाईन सहसा बदलत नाही, म्हणून ग्रुप लाईनचा.

साधा ग्रुप आणि कम्युनिटी यात फरक काय?

साध्या ग्रुपमध्ये आता १,०२४ माणसं बसतात, म्हणजे आकाराची अडचण नाही. अडचण नंबरांची आहे. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. कम्युनिटी ही सोय व्हॉट्सॲपने २०२२ मध्ये आणली. तिच्या अनाउन्समेंट ग्रुपमध्ये फक्त ॲडमिन लिहितात आणि इतर सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. लाईनचे ग्रुप तिच्याखाली जोडता येतात. महिला कामगार असलेल्या कारखान्यात एवढ्या एका कारणासाठी अधिकृत सूचनांचा ग्रुप कम्युनिटीत हलवावा. नको त्या वेळी येणारे ‘हाय’ आणि गुलाबाची फुलं बहुतेक वेळा अशाच मोठ्या ग्रुपमधून उचललेल्या नंबरवर येतात.

आमच्याकडे मोबाईल गेटवरच जमा करतात. मग डिजिटल संवाद कसा करायचा?

मोबाईल गेटवर ठेवणं बरोबरच आहे. प्रेसशॉपमध्ये माणूस स्क्रीनकडे बघत उभा राहिलेला कोणालाच परवडत नाही. अशा ठिकाणी माणूस फोन हातात कधी घेतो ते बघा: गेटबाहेर पडल्यावर बसची वाट पाहताना, बसमध्ये, आणि घरी जेवण झाल्यावर. फर्स्ट शिफ्ट सुटण्याच्या थोडं आधी पाठवलेला मेसेज बसमध्ये वाचला जातो. तोच सकाळी दहाला पाठवला तर संध्याकाळपर्यंत त्यावर चाळीस फॉरवर्ड चढलेले असतात.

आतल्या वेळेसाठी दोन गोष्टी. कॅन्टीनमध्ये आणि पंचिंगच्या जागी एक टीव्ही, ज्यावर एका वेळी एकच सूचना मोठ्या अक्षरात दिसेल. सरकत्या पट्ट्या नकोत, ताट हातात घेऊन कोणी पट्टी वाचत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे शिफ्टच्या सुरुवातीचा टूलबॉक्स टॉक. सुपरवायझर जे पाच मिनिटं बोलतो, त्यातलं शेवटचं एक मिनिट अधिकृत सूचनेसाठी राखून ठेवायचं. हे डिजिटल नाही असं कोणी म्हणेल. पण सुपरवायझरच्या हातात जो मजकूर आहे तो ग्रुपवर गेलेलाच असेल, शब्दाला शब्द तोच, तर दोन्ही मिळून एकच यंत्रणा होते.

साधा फोन वापरणारे आहेत. त्यांना एसएमएस पाठवता येईल का?

येईल, पण आज ठरवलं आणि उद्या पाठवला असं होत नाही. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामकाच्या नियमांप्रमाणे कंपनीला आधी मोबाईल कंपन्यांच्या डीएलटी पोर्टलवर (कंपन्यांच्या एसएमएसची नोंद ठेवणारी वेबसाइट) नोंदणी करावी लागते, पाठवणाऱ्याचं नाव मंजूर करून घ्यावं लागतं आणि मजकुराचा साचाही मंजूर करून घ्यावा लागतो. म्हणून पूर, बस रद्द, सुट्टीत बदल, अपघात असे चार-पाच साचे पाऊस सुरू होण्याआधीच मंजूर करून ठेवा.

मराठी एसएमएस ७० अक्षरांत संपतो, इंग्रजीला १६० मिळतात. काना-मात्रा-वेलांटीही त्यात मोजली जाते. ‘आज दुसरी पाळी बंद. उद्या नेहमीप्रमाणे. बस बंद राहील.’ एवढं नीट बसतं. ‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की’ लिहिलंत तर अर्धी जागा तिथेच गेली.

पेठ, हरसूल, सुरगाणा भागातून येणाऱ्यांचं काय? घरी गेल्यावर त्यांना रेंज नसते.

त्यांच्यासाठी सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे त्याच गावाकडून येणारा दुसरा माणूस. प्रत्येक गटात एकाला निरोप्या ठरवा, त्याला फोन करा आणि नंतर कोणाकोणाला कळलं ते त्याच्याकडून विचारून घ्या.

मजकूर मराठीत असावा की हिंदीत की इंग्रजीत?

आधी मराठीत. बिहार-उत्तर प्रदेशची माणसं असतील तर खाली हिंदीत. इंग्रजी फक्त गरज असेल तर. १९४८ च्या कारखाने कायद्यातही नोटिसा इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावण्याची अट होती, आणि ती मुख्य प्रवेशद्वाराजवळ ठळक जागी. आपल्याकडे उलटं होतं. एचआर इंग्रजीत लिहितो, कोणीतरी भाषांतराच्या ॲपमध्ये टाकतो आणि बाहेर येतं: ‘कृपया आपल्या सुरक्षा बुटांना परिधान केल्याची खात्री करा.’ असं मराठी माणूस वाचतो, हसतो आणि बूट न घालता आत जातो. ‘सेफ्टी शूज घातल्याशिवाय शॉपमध्ये जाऊ नका’ लिहायला भाषांतर लागत नाही.

एक तांत्रिक भानगड सांभाळा. ऑफिसमधल्या जुन्या संगणकावर श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर व्हॉट्सॲपवर कॉपी केला की त्याची निव्वळ चिन्हं होतात. मग लोक त्याचा फोटो काढून टाकतात. फोटोतलं अक्षर बारीक, त्यावर बोट ठेवून मोठं करावं लागतं, आणि नंतर शोधताही येत नाही. युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही फोनवर जसंच्या तसं दिसणाऱ्या अक्षरांत टाइप करा. टायपिंग जमत नसेल तर गुगलच्या जीबोर्ड या फोनच्या कीबोर्डवर मराठी बोलून लिहिता येतं. विरामचिन्हं तेवढी हाताने घाला.

चांगली सूचना कशी लिहायची?

एक सूचना घेऊन बघू. अशी सूचना आठवड्याला एक तरी दिसते:

‘सर्व कर्मचाऱ्यांना सूचित करण्यात येते की, व्यवस्थापनाच्या निर्णयानुसार दि. १ पासून उपाहारगृहातील भोजन कूपन प्रणाली संगणकीकृत करण्यात येत असून सर्व संबंधितांनी ओळखपत्र सोबत बाळगणे अनिवार्य आहे. अन्यथा होणाऱ्या गैरसोयीस व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही. आदेशावरून.’

तीच अशी लिहिता येते:

‘सोमवारपासून कॅन्टीनमध्ये कागदी कूपन चालणार नाही. आय-कार्ड मशीनला लावलं की जेवण मिळेल. कार्ड घरी राहिलं तर टाइम ऑफिसमधून त्या दिवसापुरती चिठ्ठी घ्या. कार्ड हरवलं असेल तर शनिवारपर्यंत सांगा, नवीन मिळेल. जेवणाचे पैसे आहेत तेवढेच राहतील.’

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. कॅन्टीनच्या मशीनबद्दल ऐकल्यावर प्रत्येकाच्या मनात पहिला विचार पैशांचाच येतो. तो प्रश्न सूचनेतच मिटवला नाही तर ‘आता जेवणाचे पैसे वाढवणार’ ही बातमी त्याच संध्याकाळी बसमध्ये तयार होते आणि दुसऱ्या दिवशी ती खोडून काढायला मॅनेजरला खाली यावं लागतं. सूचना लिहून झाली की लाईनवरच्या एका माणसाला वाचायला द्या आणि तो पहिला प्रश्न कोणता विचारतो ते ऐका. त्याचं उत्तर मजकुरात घाला, मगच पाठवा. आणि ‘जबाबदार राहणार नाही’ हे वाक्य कायमचं काढून टाका. ज्या गोष्टीची जबाबदारी तुमचीच आहे, तिथेच ते बहुतेक लिहिलेलं असतं.

सूचना लिहिण्यापेक्षा मॅनेजरांचा व्हिडिओ टाकला तर?

वर्षातून दोन-तीन वेळा ठीक. बोनस, मोठी ऑर्डर, अपघातानंतरचं बोलणं अशा वेळी माणसाचा चेहरा दिसायला हवा. रोजच्या कामाला एक मिनिटाच्या आतली व्हॉइस नोट चांगली; कमी शिकलेल्यांना ती सोपी जाते आणि डेटाही कमी लागतो. तिच्याखाली दोन ओळी लिहून टाका, कारण तारीख आणि वेळ शोधायला कोणी आवाज पुन्हा ऐकत बसत नाही.

ग्रुपवर कामगार काहीच बोलत नाहीत. नुसते अंगठे येतात. काय करावं?

अंगठ्याचा अर्थ ‘पाहिलं’ एवढाच. ‘पटलं’ असा धरू नका.

लोक गप्प का असतात याची कारणं साधी आहेत. ग्रुपमध्ये प्लँट हेड, एचआर, कधी मालकही असतो. त्यांच्यासमोर पंख्याची तक्रार लिहिली तर सुपरवायझर दुसऱ्या दिवशी विचारणार, ‘मला आधी का नाही सांगितलं?’ लिहिताना चूक झाली तर लोक हसतील ही धास्ती असते. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे मागे कोणीतरी लिहिलं होतं आणि त्याला उत्तर आलं नव्हतं. उत्तर न मिळालेला एक प्रश्न शंभर माणसं वाचतात आणि त्यातून शंभर माणसं शिकतात.

म्हणून बोलायला लावायची जागा म्हणजे लाईनचा लहान ग्रुप. त्यात वरचे साहेब नकोत. सुपरवायझरने ‘काही अडचण असल्यास कळवा’ असं लिहू नये, त्याला कोणीच उत्तर देत नाही. त्याने नेमकं विचारावं: ‘दोन नंबर मशीनवरचा एक्झॉस्ट काल सांगितला होता, आज चालू झाला का? फोटो टाका.’ फोटो टाकणं लिहिण्यापेक्षा सोपं जातं. पहिले काही आठवडे अशा चौकश्यांवरच जातात, मग हळूहळू लोक आपणहून टाकायला लागतात.

दुसरी सोय नाव न सांगता बोलण्याची. पाण्याच्या कूलरजवळ आणि स्वच्छतागृहाबाहेर एक क्यूआर कोड लावा, तो एका साध्या फॉर्मला जोडा आणि फॉर्ममध्ये दोनच रकाने ठेवा: काय अडचण आहे, कुठे आहे. गुगल फॉर्म वापरत असाल तर ‘एकाला एकच उत्तर’ ही सेटिंग बंद ठेवा. ती चालू असली की फॉर्म आधी गुगल खात्यात साइन इन करायला सांगतो, आणि माणसाला वाटतं आपलं नाव वर जाणार. तिथेच तो फोन खिशात घालतो.

मग दर शनिवारी त्या सगळ्याची उत्तरं टीव्हीवर आणि ग्रुपवर. काय विचारलं, काय ठरलं, कधी होणार, कोण करणार. ज्याला नकार द्यायचा त्यालाही कारणासकट लिहायचं: ‘दुसऱ्या पाळीची बस घोटीपर्यंत सोडता येणार नाही, चारच माणसं आहेत. त्या चौघांना वाडीवऱ्हेपासून रिक्षाचं भाडं मिळेल.’ अंबडच्या एका कारखान्यात अशी यादी सुरू झाल्यावर लोक तिच्यासमोर उभे राहून वाचायचे, आणि सगळ्यात जास्त चर्चा नकारांवर व्हायची. तरी पुढच्या आठवड्यात फॉर्म जास्त भरले गेले. नकार पचतो, गप्प बसणं पचत नाही.

कोणी ग्रुपवर साहेबांवर भडकला तर?

त्याला ग्रुपमधून काढू नका आणि तिथे वादही घालू नका. ‘तुमचं म्हणणं वाचलं, आज चार वाजता भेटू’ एवढं लिहा आणि चार वाजता खरंच भेटा. भेटीत काय ठरलं ते दोन ओळींत ग्रुपवर टाका. शिवीगाळ असेल तर मेसेज हटवा. ग्रुप ॲडमिनला तो सगळ्यांसाठी हटवता येतो.

सुपरवायझरला या सगळ्यात रस नसतो. त्याला कसं बरोबर घ्यायचं?

त्याला रस नसतो कारण आपण त्याला लाईनवर तोंडघशी पाडतो. कंपनी दुपारी तीनला ओव्हरटाइमबद्दल मेसेज टाकते, तो सुपरवायझरलाही तेव्हाच येतो, आणि पाच मिनिटांत दहा माणसं त्याच्याभोवती उभी राहून विचारतात, ‘भाऊ, हे आपल्याला पण लागू आहे का?’ त्याला माहीत नसतं. तो म्हणतो, ‘एचआरला विचारा.’ दुसऱ्यांदा तसं झालं की तो सूचनांची टिंगल करायला लागतो, म्हणजे मग आपल्याला माहीत नसल्याचं झाकलं जातं.

उपाय फुकट आहे. कोणतीही महत्त्वाची सूचना सुपरवायझरांना एक पाळी आधी द्या, सोबत तीन-चार अपेक्षित प्रश्न आणि त्यांची उत्तरं. त्यांना काही खटकलं तर मजकूर बदलायची तयारी ठेवा. कारखान्यात नवा माणूस व्यवस्थापनाला ओळखतो तो सुपरवायझरच्या चेहऱ्यावरून. त्याला आधी कळलेलं असलं की तो सूचना स्वतःची म्हणून सांगतो.

कॉन्ट्रॅक्टच्या कामगारांना ग्रुपमध्ये घ्यायचं का?

इथे एचआर बिचकतो, आणि त्याला कारण आहे. कॉन्ट्रॅक्टच्या माणसाला कंपनी थेट रजा मंजूर करते, थेट कामावर बोलावते, थेट मेमो देते असा लेखी पुरावा ग्रुपवर तयार झाला, तर पुढे हा कंत्राटदार नावालाच आहे असा दावा उभा राहू शकतो. म्हणून रजा, पगार, शिस्त, पाळी हे सगळं कंत्राटदाराच्या मार्फतच जाऊ द्या.

पण सुरक्षा, आग, गॅसगळती, पूर, बस, कॅन्टीन यांची माहिती प्रत्येकाला थेट मिळाली पाहिजे. कुठली फॉर्कलिफ्ट कुठून येणार ते ऐकायला कंत्राटदार शॉपमध्ये नसतो. त्यासाठी ‘सुरक्षा आणि सोयी’ असा वेगळा अनाउन्समेंट ग्रुप ठेवा, ज्यात गेटमधून आत येणारा प्रत्येक जण असेल. बरेच कारखाने दिवाळीच्या शुभेच्छा ‘आपल्या कुटुंबाला’ म्हणून फक्त कायम कामगारांच्या ग्रुपवर टाकतात. तोच मेसेज शेजारी उभा असलेला कॉन्ट्रॅक्टचा मुलगा मित्राच्या फोनवर वाचतो.

बदल ग्रुपवर कळवला की कायदेशीर नोटीस झाली का?

नाही. पगाराची पद्धत, पाळ्यांची रचना, सवलती अशा अटी बदलताना २१ दिवसांच्या रीतसर नोटिशीची तरतूद औद्योगिक विवाद कायद्यात होती, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. ग्रुप हा त्या नोटिशीला जोड म्हणून. फलकावर लावलेल्या नोटिशीचा मजकूर ग्रुपवर टाका, त्याखाली सोप्या मराठीत अर्थ लिहा, आणि मजकूर कामगार सल्लागाराला आधी दाखवा.

त्याच संहितेप्रमाणे २० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी तक्रार निवारण समिती लागते, मालक आणि कामगार दोघांचे सारखे प्रतिनिधी असलेली. क्यूआर कोडवर आलेल्या गंभीर तक्रारी त्या समितीकडे गेल्या पाहिजेत. एचआरच्या इनबॉक्समध्ये त्या मुरत ठेवू नका.

महिला कामगारांसाठी वेगळं काही?

दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक कामाच्या ठिकाणी २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती हवी, आणि तिची माहिती ठळक जागी लावलेली हवी. बोर्ड बहुतेक ठिकाणी असतो, ऑफिसच्या पॅसेजमध्ये, जिथे लाईनवरच्या ताया वर्षातून एकदा जातात. तोच मजकूर महिलांच्या चेंजिंग रूममध्ये लावा आणि अनाउन्समेंट ग्रुपवर दर तीन महिन्यांनी टाका. तक्रारीची मुदत साधारणपणे घटनेपासून तीन महिने आहे, हे अनेकींना माहीतच नसतं. ऑफिसच्या ग्रुपवर टाकलेले अश्लील विनोद आणि व्हिडिओ ही ‘गंमत’ धरली जात नाही, हेही त्यात लिहा.

नवीन डेटा कायद्याचा याच्याशी संबंध आहे का?

आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. नोकरीच्या कामासाठी लागणारी माहिती वापरायला सवलत आहे. पण हजेरीसाठी घेतलेला नंबर तिकीट विकणाऱ्या मित्राला देणं, कोणाच्या आजारपणाची बातमी ग्रुपवर टाकणं, गैरहजर असलेल्यांची नावं लाल रंगात प्रसिद्ध करणं यात नोकरीचं काम कुठलंच नाही. ही सवय आजच मोडा.

कोणतं ॲप घ्यावं?

ऑफिसच्या माणसांसाठी मायक्रोसॉफ्ट टीम्स, गुगल चॅट, किंवा चेन्नईच्या झोहोचं क्लिक, यातलं जे तुमच्या मेलबरोबर आधीच मिळतंय ते. शॉपवरच्यांसाठी व्हॉट्सॲप, कारण ते त्यांच्या फोनमध्ये आहेच. वेगळं ॲप घ्यायचं तर त्यात पगाराची स्लिप आणि रजेचा अर्ज असला पाहिजे. नुसत्या बातम्यांसाठी कोणी ॲप उघडत नाही. पगाराच्या स्लिपसाठी उघडतो, आणि मग बातमीही वाचतो.

करार करताना विचारा की सगळा मजकूर आणि सदस्यांची यादी बाहेर काढून घेता येईल का. मेटाने वर्कप्लेस नावाचं मोठं उत्पादन २०१६ मध्ये आणलं, जगभरच्या कंपन्या त्यावर गेल्या, आणि मे २०२४ मध्ये ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. ३१ ऑगस्ट २०२५ नंतर त्यावर नवीन काही लिहिता येईना. कोणाचंही ॲप बंद पडू शकतं.

सूचना खरंच पोचली हे कसं कळेल?

साध्या ग्रुपमध्ये स्वतःच्या मेसेजवर बोट दाबून ‘इन्फो’ उघडलं की कोणी वाचलं ते दिसतं. निळ्या टिक बंद केलेल्यांचंही दिसतं, कारण ती सेटिंग ग्रुपला लागू होत नाही. पण ही यादी घेऊन कोणाला जाब विचारू नका, नाहीतर लोक न वाचता उघडायला शिकतील.

त्यापेक्षा परिणाम मोजा. कार्डाची सूचना गेल्यावर सोमवारी किती जण कागदी कूपन घेऊन आले? बस बदलाच्या दिवशी जुन्या थांब्यावर किती उभे होते? टाइम ऑफिसला त्याच विषयावर किती जणांनी येऊन विचारलं? टाइम ऑफिसच्या खिडकीवर एक वही ठेवा. लोक तिथे जे विचारतात, ते तुमच्या सूचनेत लिहायचं राहून गेलेलं असतं.

पूर, बंद किंवा कुंभमेळ्यात काय करायचं?

गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की दोन गोष्टी एकदम सुरू होतात: गोदावरीचं पाणी चढतं आणि जुने व्हिडिओ फिरायला लागतात. गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीपर्यंत पाणी आलेला कुठल्या तरी आधीच्या वर्षाचा व्हिडिओ ‘आत्ताचा’ म्हणून येतो, आणि नाइटला निघालेला माणूस गाडी वळवून घरी जातो. त्याला दोष देता येत नाही, कारण कंपनीकडून त्याला काहीच आलेलं नसतं.

म्हणून अशा दिवशी ठरलेल्या वेळी मेसेज, सांगण्यासारखं नवीन नसलं तरी. ‘दुपारी २ वाजता: दुसरी पाळी चालू आहे. पंचवटीकडची बस द्वारकामार्गे येईल. पुढचा मेसेज ४ वाजता.’ चारला काही बदल नसेल तर ‘बदल नाही’ एवढंच, पण चारलाच. पुढचा मेसेज कधी येणार हे माहीत असलं की माणूस इतर ठिकाणी शोधत नाही. येता येणार नाही त्याचा पगार किंवा रजा कशी धरणार, हेही पहिल्याच मेसेजमध्ये सांगा.

२०२७ च्या सिंहस्थात मुख्य स्नानांच्या दिवशी शहरातले रस्ते आणि पार्किंग बदलणार हे धरून चाला. पाळीच्या वेळा, बसचे पर्यायी रूट आणि त्र्यंबकेश्वर बाजूने येणाऱ्यांची सोय यावर सुपरवायझरांशी काही महिने आधीच बोलून ठेवा आणि पोलिसांची वाहतूक अधिसूचना आली की फक्त तपशील भरा.

शिफ्ट सुटल्यावर मेसेज पाठवावेत का?

तातडीचं सोडून नाही. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याच्या हक्काचं खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत मांडलं, त्याचा कायदा झालेला नाही. पण नाइट करून सकाळी झोपलेल्या माणसाला अकरा वाजता ‘सुरक्षा सप्ताहाच्या घोषणा पाठवा’ असा मेसेज गेला, तर तो ग्रुप म्यूट करतो. एकदा म्यूट झालेला ग्रुप पुन्हा चालू होत नाही, आणि मग पुराचा मेसेजही त्याच म्यूटमध्ये जातो.

वाढदिवस, गुड मॉर्निंग, देवाचे फोटो?

लाईनच्या ग्रुपवर वाढदिवस जरूर. बाकीच्यांसाठी हवा तर एक गप्पांचा ग्रुप काढा, ज्याला यायचं तो येईल. मिसळ कोणती चांगली यावर तिथे आठवडाभर भांडण चालतं, चालू द्या. अधिकृत ग्रुपवर मात्र मालकाचाही गुड मॉर्निंग नको.

युनियनचा स्वतःचा ग्रुप आहे. त्यात आपला माणूस ठेवावा का?

ठेवू नका. कळल्याशिवाय राहत नाही, आणि कळल्यावर तुमच्या क्यूआर कोडवरही कोणी विश्वास ठेवत नाही. उलट महत्त्वाची सूचना युनियनच्या पदाधिकाऱ्यांना सुपरवायझरांबरोबरच आधी द्या.

नोकरी सोडून गेलेल्यांचं काय?

एक्झिटच्या फॉर्मवर ‘ग्रुपमधून काढलं’ असा एक रकाना वाढवा आणि त्याच्यापुढे टाइम ऑफिसची सही घ्या. बंद केलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला मिळतो, म्हणून दर तिमाहीला हजेरीपटाशी ग्रुपची यादी ताडून पाहा. काढण्याआधी त्या माणसाला हिशेब आणि पीएफबद्दल कोणाशी बोलायचं त्याचा नंबर वैयक्तिक मेसेजवर पाठवा. ॲडमिन किमान दोघं असू द्या, कारण सोडून जाणारा कधीकधी ॲडमिनच असतो.